हलण्याचा पगार

"हात हलव," साहेब म्हणाले.

मी हलवला.

"असा नाही. वर कर. डोक्याच्या वर. जोरात."

काखेत सर्टिफिकेटांची फाइल होती. ती घट्ट दाबून धरली आणि दुसरा हात डोक्यावर नेऊन जोरात हलवला. हॉलमधले दिवे लागले. पंखे फिरायला लागले. साहेबांच्या मागे ऑफिसातले लोक उभे होते, ते हसले. एकाने टाळी वाजवली. भिंतीला टेकून बसलेली गावाकडची माणसं माझ्याकडे बघत होती. ती हसली नाहीत.

"झालं की काम," साहेब मागच्यांना म्हणाले. "उगाच कंपनीला पत्रं पाठवत बसलो आपण." मग माझ्याकडे वळले. "हेच करायचं. दिवसभर हॉलमध्ये फिरायचं. फिरून कंटाळलीस तर उभी राहा. पण दिवे गेले की हात हलवायचा. जमेल?"

मी म्हणाले, "जमेल."

बी.ए. झाले होते मी. मराठी आणि समाजशास्त्र. तरी जमेल म्हणाले. हात खाली घे असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो थोडा वेळ वरच होता.

त्याच सकाळी वरच्या मजल्यावर मुलाखत झाली होती. कंत्राटावरची नोकरी. पद 'मदत कक्ष सहायक', जागा दोन. मी आणि दारव्ह्याची एक मुलगी, अशा दोघींना घेतलं. ती बारावी होती. तिला साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटर येतो का. ती म्हणाली, थोडा थोडा. मला विचारलं, आडनाव काय. अर्जावर होतं, समोरच होतं, तरी विचारलं. मी सांगितलं.

"गाव?"

"मारेगाव तालुक्यात हाय, साहेब."

"म्हणजे…" साहेब म्हणाले आणि थांबले.

हा 'म्हणजे' मला लहानपणापासून ओळखीचा आहे. शाळेत ऐकला, खोली भाड्याने बघताना ऐकला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडून ऐकला. त्याच्यापुढे कोणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते. समोरच्याला जे कळायचं ते कळतं आणि त्याचा चेहरा मोकळा होतो. साहेबांचाही झाला. दारव्ह्याच्या मुलीला काउंटरची खुर्ची मिळाली. मला खाली हॉल मिळाला. ऑर्डरवर दोघींचं पद एकच होतं.

मला राग आला का, असं लोक आता विचारतात. नाही आला. खरं सांगते. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटत नाही, तसं मला आतून झालं होतं. बऱ्याच वर्षांपासून झालं होतं.

इमारत नवी होती, यवतमाळ शहराच्या बाहेर, आजूबाजूला कापसाची शेतं. ती कोणाची, तिथे कोणतं खातं, ते सांगत नाही. लोक तिला काचघर म्हणायचे. सगळीकडे काच. ऊन वाढलं की काचेवरचे पडदे आपोआप खाली यायचे. नळाखाली हात धरला की पाणी. दारासमोर उभं राहिलं की दार बाजूला. छतात बारीक पांढरे डोळे बसवलेले, ते खाली कोण हलतंय ते बघायचे. हललं की दिवे-पंखे चालू. कोणी हललं नाही की बंद. वीज वाचली पाहिजे. आमच्या गावात दिवसातला अर्धा वेळ वीज नसते, तिथे ती कोणी वाचवावी, असो.

नागपूरचा एक इंजिनिअर होता. तरुण, बोलायला गोड. पाहुणे आले की तो त्यांना भिंतीजवळ न्यायचा आणि भिंतीवरून हात फिरवून दाखवायचा. "बघा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिव्याचं एकसुद्धा बटण नाही. बिल्डिंग स्वतः विचार करते." पाहुणे भिंतीला हात लावून बघायचे. त्यांना कौतुक वाटायचं.

वरच्या मजल्यावर सगळं झकास चालायचं. तिथली माणसं हलतच असायची. खुर्ची गोल फिरव, फोनवर बोलता बोलता चाल, आळस दे, हस. खालच्या हॉलमध्ये मात्र इमारतीची पंचाईत झाली. तिथे तालुक्या-तालुक्यातून लोक यायचे. पेन्शन, मदत, कसलीकसली प्रकरणं. सोमवारी फवारणीतल्या विषबाधेची प्रकरणं असत, त्यामुळे सोमवारी गर्दी फार. बोंडअळीची ती वर्षं. औषधावर औषध मारायचे, अळी काही मरायची नाही, मारणारा आजारी पडायचा. ही माणसं यायची, लोखंडी खुर्च्या भरल्या की भिंतीला टेकून खाली बसायची आणि हलायची नाहीत.

मुद्दाम नाही. सरकारी दारात आपण असेच बसतो. हात मांडीवर, पिशवी पोटाशी, नजर साहेबाच्या दाराकडे. हातवारे केले, उठबस केली, तर साहेबाला उद्धटपणा वाटेल, कागद मागे पडेल. आदर म्हणजे गप्प बसणं, हे आमच्या हाडात मुरलेलं. इमारतीला हे माहीत नव्हतं. तिने हॉलभर माणसं असताना ठरवलं की इथे कोणी नाही. दिवे बंद, पंखे बंद. पडदे आधीच खाली आलेले. भर दुपारी अंधार. लोकांना वाटायचं लाइन गेली. लाइन जाणं त्यांना नवं नव्हतं. ते तसेच बसून राहायचे, आणखी गप्प.

एकदा वर चहा घेऊन गेले तेव्हा इंजिनिअरच्या कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. सगळ्या खोल्यांची नावं, पुढे हिरव्या अक्षरात माहिती. आमच्या हॉलपुढे लिहिलं होतं 'रिकामा'. मी आत्ताच तिथून आले होते. पाय ठेवायला जागा नव्हती.

यावर तोडगा म्हणून मला ठेवलं होतं.

लहानपणी माय मला घेऊन मालकाकडे जायची. वेचणी झाली की संध्याकाळी हिशोबाला अंगणात बसावं लागायचं. फाटकाजवळ माय मला बसवायची आणि सांगायची, "हालू नोको. कायलेच हात लावू नोको." मी बसायचे. एकदा नाही बसले. अंगणात कापसाचा ढीग होता, पांढरा, फुगलेला. मी जाऊन त्यात हात घातला. त्यातला बराच कापूस मायनेच वेचलेला होता, दिवसभर, ओणव्याने. मालकीण घरातून आली, लोटाभर पाणी आणलं आणि माझा हात लागला होता तिथे शिंपडलं. व्यापारी वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात. त्या बाईने माझ्या हातासाठी मारलं. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, माझ्या आज्याने दीक्षा घेतलेली, आणि माय त्या अंगणात मान खाली घालून म्हणाली, "लहान हाय, मालकीनबाई. चुकलं तिचं."

तेव्हापासून मी न हलायला शिकले. शाळेत सर म्हणायचे, किती शांत मुलगी आहे. आणि नोकरी लागली ती हलायची. हसू येण्यासारखंच आहे ते.

दिवस जात होते. मी हॉलमध्ये फेऱ्या मारायचे. थांबले, दिवे गेले, की हात वर. काउंटरच्या काचेपलीकडे, वेगळ्या दिव्यांखाली बसलेले बाबू विचारायचे, "काय मॅडम, आज किती वीज वाचवली?" दारव्ह्याची मुलगी खाली बघून कीबोर्डवर बोटं फिरवायची. तिला वाईट वाटत असावं, पण खुर्ची तिलाही लागत होती. झरीकडून एक कोलाम आदिवासी म्हातारी यायची. पहिल्याच दिवशी तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "काय वो माय, तुह्या आंगात येते काय?" मी त्या हॉलमध्ये तेव्हा एकदाच मोठ्याने हसले. मग तिला छतातला डोळा दाखवला. तिने बराच वेळ मान वर करून पाहिलं. "मंग थो आमाले पायते कावून नाही?" ती म्हणाली.

घरी मी सांगितलं होतं, मदत कक्षात आहे. तेच कागदावर होतं. बाबा गावात सगळ्यांना सांगायचे, पोरगी काचघरात साहेबाच्या हाताखाली हाय.

बाबा मजुरीने फवारणी करायचे. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. खाली उभं राहून वर औषध मारायचं, ते तोंडावरच पडायचं. पाठीवर तो बॅटरीचा चायना पंप, बारीक धुकं सोडणारा. संध्याकाळी बाबा घरी आले, म्हणाले डोळे जळताहेत, आणि सकाळी त्यांना मायचं तोंड दिसेना. दवाखान्यात बरेच दिवस राहिले. जगले. डोळ्यांत एवढंच उरलं की उजेड कुठे आणि अंधार कुठे ते कळायचं. खिडकी कळायची. दिवा कळायचा. समोरून माणूस गेलं की सावली सरकल्यासारखी कळायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "एवढं आहे ते सांभाळा. हेही गेलं असं वाटलं तर त्याच दिवशी घेऊन या. उशीर करू नका." बाबांनी ते फार मनावर घेतलं. रोज उठल्याबरोबर दाराकडे तोंड करून बसायचे. उजेड आला की म्हणायचे, "हाय. आजही हाय."

शेतमालकाचं नुकसान सात-बाऱ्यावर दिसतं. मजुराचे डोळे कुठल्या कागदावर दिसत नाहीत. कोणाच्या शेतात फवारणी केली ते लिहून द्यायला मालक तयार नव्हता. म्हणून बाबांचं प्रकरण लांबत गेलं आणि सोमवारच्या सुनावणीला त्यांना काचघरात यावं लागलं. मायला वेचणी सोडून येता येईना. तिने त्यांना एस.टी.त बसवून दिलं, मी स्टँडवर उतरवून घेतलं, हॉलमध्ये आणून भिंतीजवळ बसवलं.

"तुही खुर्ची कोनती होय?" बाबांनी विचारलं.

"तिकडं हाय," मी म्हणाले.

त्यांनी तिकडे तोंड केलं आणि मान हलवली. समाधान दिसत होतं.

थोड्या वेळाने शिपाई आला. वर पाहुणे आलेत, चहा द्यायला माणूस नाही, साहेबांनी बोलावलंय. मी म्हणाले, हॉलमध्ये कोण? तो म्हणाला, चहा देऊन ये लगेच, हॉल कुठे पळून चाललाय. मी गेले. कप भरत होते तेव्हा खालून ओरडणं ऐकू आलं. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. बाबा आयुष्यात कधी मोठ्याने बोललेले नाहीत, तरी ओळखला. ट्रे तिथेच ठेवला आणि धावले.

दिवे गेले होते. बाबा उठून भिंत चाचपत होते. दोन्ही तळवे भिंतीवरून फिरवत, वर, खाली, पुढे.

"बटन कुठी हाय? कोनी बटन लावा रे बाप्पा. गेले. माह्ये डोये गेले."

त्या भिंतीवर बटण नव्हतं. छतातल्या डोळ्याची नजर कडेच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हती. ते एवढे हात फिरवत होते, तरी इमारतीच्या हिशोबी तिथे कोणी नव्हतं. मग चार माणसं मध्ये धावली आणि दिवे लागले. पण बाबांना ते कळलं नाही. त्यांनी घाबरून डोळे गच्च मिटून घेतले होते. भिंतीशी उकिडवे बसले आणि दोन्ही हात तोंडावर.

"बाबा, मी हाय. डोये उघडा. उजेड हाय."

"नाही. तू खोटं बोलून राह्यली."

"नाही बाबा. दिवे गेलते. आता लागले. उघडून तं पाहा."

"मले भेव लागते, पोरी."

माझा बाप म्हणाला, मले भेव लागते. सगळ्या हॉलसमोर. दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तेव्हाही तो असं म्हणाला नव्हता. मी त्यांचे हात धरून बसले.

साहेब खाली आले. मागे पाहुणे जिन्यावर थांबलेले.

"काय तमाशा आहे?" साहेब म्हणाले. कोणीतरी सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे वडील? अगं मग तू कुठे होतीस? तुला इथे हात हलवायला ठेवलंय ना? एवढंसुद्धा काम होत नाही?"

बाबांनी तोंडावरचे हात काढले. डोळे अजून मिटलेले.

मी म्हणाले, "साहेब, सोमवारी दिवे चालूच ठेवा. नाहीतर एक बटण लावून द्या भिंतीवर. यांना फक्त उजेड कळतो."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. वाईट माणूस हसतो तसं नाही. घरचं लहान मूल पाहुण्यांसमोर काहीतरी बोलून गेलं की हसतात तसं.

"ज्याला दिसतच नाही, त्याला दिवा कशाला पाहिजे?"

जिन्यावर एकजण हसला. साहेब वर गेले. सुनावणीत बाबांना पुढची तारीख मिळाली.

स्टँडवर जाताना बाबांनी डोळे उघडले. उजेड होता. ते "हाय" म्हणाले नाहीत. गाडी लागायची होती, आम्ही बाकावर बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुह्यं काम हेच हाय काय? हात हालवाचं?"

"हो."

"बी.ए. करून?"

"हो, बाबा."

कळंबची गाडी गेली, मग मारेगावची आली. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. खोलीवर गेले, भात टाकला, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाऊन हात हलवला. फक्त एक बदल झाला होता. मुंग्या आलेल्या पायात रक्त परत येऊ लागलं की आधी सुया टोचतात. तसं टोचायला लागलं होतं.

मी इंजिनिअरकडे गेले. एक बटण लावा म्हणाले. तो नीट बोलला. खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, मला समजतंय. पण बटण लावलं की लोक दिवे चालू ठेवून जातात. मग आपले मार्क कमी होतात. आपल्याला हरित इमारतीचे पाच तारे मिळवायचेत. पुढच्या सोमवारी तपासणी आहे. त्यानंतर बघू." मी विचारलं, लोक अंधारात बसतात त्याचे मार्क कुठे लिहितात? तो म्हणाला, "तसा कॉलम नाहीये."

तपासणीच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. या वेळी आवाज मऊ होता.

"हे बघ, सोमवारी पुण्याहून मॅडम येणार. त्यांच्यासमोर हातबीत हलवू नकोस, बरं दिसत नाही. तू लोकांमध्येच बस. साधी साडी नेस, डोक्यावर पदर घे, त्यांच्यातलीच वाटशील अशी. आणि बसल्या बसल्या हलत राहा. मान हलव, पदर नीट कर, उठबस कर. दिवे जाता कामा नयेत."

त्यांच्यातलीच वाटशील अशी. मी हो म्हणाले.

सोमवारी साधी साडी नेसले. डोक्यावर पदर घेतला नाही. हॉल भरलेला होता. कुबडीवाला एक माणूस होता, झरीची म्हातारी होती, फवारणीतले मजूर होते. बाबांची तारीख त्या दिवशी नव्हती. मी त्यांच्यात जाऊन खाली बसले. मांडी घातली. हात मांडीवर ठेवले. आणि हलले नाही.

मायने शिकवलं होतं तशी बसले. मला ते उत्तम येत होतं.

दिवे गेले. पंखे हळूहळू थांबले. सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुबडीवाल्याने विचारलं, "ताई, हात?" मी म्हणाले, "आज नाही." त्याने कुबडी वर करायला घेतली होती, दिवा लावायला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ती खाली ठेवली. गरम व्हायला लागलं. घाम पाठीवरून उतरत होता. आम्ही बसलो होतो.

दार सरकलं. मॅडम आल्या, साहेब आले, इंजिनिअर आला. ते चालत आले म्हणून दिवे लागले. पण मॅडमनी आधीचा अंधार पाहिला होता. दारातच थांबल्या.

"हे सगळे अंधारात का बसलेत?"

"आत्ताच आलेत, मॅडम," साहेब म्हणाले. "आत्ताच उघडला हॉल."

मॅडमनी खाली पाहिलं. सगळ्यात जवळ मी होते.

"तुम्ही आत्ताच आलात का?"

"नाही," मी म्हणाले. उठून उभी राहिले. "मी इथं नोकरीवर हाय."

"नोकरीवर? मग खाली का बसलात? काय काम करता तुम्ही?"

"हलते."

"काय?"

"हलते, मॅडम. ह्या हॉलमधे मानसं हाय हे ह्या बिल्डिंगले कळत नाही. म्हनून मले ठेवलं हाय. दिवसभर हलाचा मले पगार भेटते. आज मी हलली नाही."

साहेब म्हणाले, "गंमत करतेय ती. विदर्भातली माणसं जरा…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मॅडमनी कोणाकडे न बघता काहीतरी लिहिलं. मग झरीची म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "गंमत नोहोय, बाई. खरं सांगून राह्यली थे." त्या हॉलमध्ये साहेबासमोर हात न जोडता कोणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

मॅडम "बघते मी" म्हणाल्या आणि वर गेल्या. संध्याकाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नका, ताई. मी ओळखपत्र काढून दिलं.

त्यानंतर मी गावी आले. काही दिवस मायबरोबर वेचणीला गेले. हात कापसाच्या टरफलांनी फाटले. मग सुपरवायझरचा फोन आला. घरात बाबा होते, मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, ते ताऱ्यांचं अडकून पडलंय. पुण्याहून खुलासा मागितलाय. तुम्ही एक लिहून द्या, फक्त एवढंच की माझा गैरसमज झाला होता, मला असं काम दिलं नव्हतं. साहेब म्हणाले, तुम्हाला परत घेऊ. या वेळी काउंटरवर. खुर्ची." तो थांबला. "आणि तुमच्या वडिलांचं प्रकरण साहेबांच्याच टेबलावर आहे. ते पण बघतो म्हणाले."

मी फोनवर हात ठेवला. हे एकटीने ठरवायचं नव्हतं. डोळे बाबांचे होते.

"बाबा, देऊ काय लिहून?"

बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. वळले नाहीत.

"मले तथी अंधारात बसवलं, हे खरं हाय ना?"

"हो."

"मंग काय लिहून देतं?"

मी फोनवरचा हात काढला. "लिहून देत नाही," म्हणाले.

"अहो ताई, विचार करा. वडिलांच्या प्रकरणाचं काय?"

"थे प्रकरण त्याइच्या डोयाचं हाय. माह्या जिभेचं नाही."

त्याने फोन ठेवला.

प्रकरण आता लांबेल, हे मला माहीत आहे. कदाचित कागदच सापडणार नाही. मदत मिळाली असती तर घरात फरक पडला असता, मायची वेचणी सुटली असती. हे सगळं मोजूनच नाही म्हणाले. सोमवारी बाबांची तारीख आहे. मी त्यांना घेऊन जाणार आहे. आता मी तिथे नोकर नाही, तेव्हा मला कोणी कामाला लावू शकत नाही. आत जाऊन भर हॉलमध्ये, सगळ्या माणसांसमोर, साहेबांना माझ्या बापाची माफी मागायला सांगणार आहे. नाही मागितली तर पुढच्या सोमवारी पुन्हा जाईन. मग त्याच्या पुढच्या. मी तरुण आहे आणि मला दुसरं काम नाही.